टेबलाखालची जाग

दिवे लावणं आणि दिवे मालवणं, या दोन कामांत बत्तीनानांचा जन्म गेला होता, आणि या दोन कामांत आपला हात धरणारा कोणी नाही असं त्यांना मनापासून वाटे. बाकी कशातच आपल्याला गती नाही, हेही त्यांना तितक्याच मनापासून ठाऊक होतं. खिळा ठोकायला घेतला की अंगठा ठेचायचा. दुधावर लक्ष ठेवायला बसवलं की दूध कसं सुरेख फुगत वर येतं ते शेवटपर्यंत बघायचे आणि मग हाक मारायचे, "अगं, उतू गेलं गं!" हे सगळं ते स्वतःच रंगवून सांगत. लोकांनी हसायच्या आत आपण हसून घेतलं की ते हसू आपल्या मालकीचं होतं, असा त्यांचा हिशेब.

नगरपालिकेच्या दिवाबत्ती खात्यात ते जुने. तरुणपणी शिडी खांद्यावर घेऊन खांबाखांबावर चढले. गुडघे कुरकुरायला लागले तसं खात्यानं त्यांना टेबल दिलं, आणि टेबलावर एक कॉम्प्युटर. गल्लीगल्लीत आता लोखंडी पेट्या बसल्या होत्या. कुठल्या पेटीनं आपले दिवे कधी लावायचे आणि कधी विझवायचे, ते नाना या कॉम्प्युटरवरून त्यांना कळवत. दिवस लांबला की नवं वेळापत्रक, आखडला की नवं वेळापत्रक.

ते वेळापत्रक नानांनी पायांनी लिहिलं होतं म्हणा ना. संध्याकाळी गावभर भटकून कुठल्या रस्त्याला अंधार कधी भेटतो ते त्यांनी बघून ठेवलं होतं. नदीकाठी उजेड रेंगाळतो, पाय निघत नसलेल्या पाहुण्यासारखा. तिथे घाई नको. बाजाराच्या रस्त्याला दुकानांचाच लखलखाट, तिथे खांबांनी उगाच मिरवू नये. पण टेकडीआडची गल्ली! तिथे सूर्य मावळतच नाही, टेकडीच त्याला पदराखाली घेते. साऱ्या गावाच्या गच्च्यांवर पिवळं ऊन खेळत असतं, तेव्हा त्या गल्लीत आपलाच हात आपल्याला परका वाटायला लागतो. म्हणून तिथले दिवे सगळ्यांच्या आधी.

त्याच गल्लीत नानांची थोरली बहीण राहायची. अक्का. तिच्या डोळ्यांनी गेल्या काही वर्षांत हळूहळू रजा घेतली होती. शिवणकामाच्या दुकानात ती काजं-बटणं करायची, ती बोटांच्या भरवशावर. संध्याकाळी भिंतीला हात लावत घरी यायची. दिवा असला की तिला पायरीची कड दिसे. दिवा नसला की काहीच नाही.

आणि दिवस आखडले होते. नवं वेळापत्रक जायला हवं होतं. ते जात नव्हतं, कारण नानांचा कॉम्प्युटर अडून बसला होता. टेकडीआडची गल्ली जुन्याच वेळेवर चालली होती, अंधार आधी यायचा आणि दिवे मागून. परवा अक्का पायरी चुकली आणि गुडघा फोडून घेतला. काल नाना स्वतः जाऊन पट्टी बांधून आले.

त्या सकाळी नाना कचेरीत आले, टोपी खुंटीला अडकवली आणि पडद्याचं बटण दाबलं. पडदा उजळला. काल सोडलेलं पान तसंच्या तसं, काल सोडलेल्या ओळीवर. या गोष्टीचं नानांना मोठं कौतुक. "आमचं यंत्र कुत्र्यासारखं इमानी आहे," ते येईल त्याला सांगत. "जिथे सोडून जातो तिथेच सकाळी बसलेलं असतं." मग रोजच्याप्रमाणे कोपऱ्यातून एक चौकट वर आली: आता पुन्हा सुरू करायचं का? नानांनी रोजच्याप्रमाणे तिला समजावलं, "सुरूच तर आहेस की बाई," आणि 'नंतर' दाबलं.

मग अक्षर दाबलं. अक्षर आलं नाही. नाना पाणी पिऊन आले. अक्षर आलं होतं, पण आपण ते कशासाठी दाबलं होतं हे नाना विसरले होते.

"नाना, तुम्ही आणि हा एकाच दिवशी कामाला लागलात का हो?" समोरच्या टेबलावरून आवक-जावकबाईंनी विचारलं. कचेरीत येणारा आणि कचेरीतून जाणारा प्रत्येक कागद त्यांच्या शिक्क्याखालून जाई, आणि प्रत्येक माणूस त्यांच्या जिभेखालून. "नाही, दोघांची चाल अगदी सारखी, म्हणून विचारलं."

"माझी बरी आहे," नाना म्हणाले. "मी हाक मारल्यावर वळून तरी बघतो."

"दुसऱ्या हाकेला."

इतक्यात साहेबबाई आल्या. वयानं नानांच्या मुलीएवढ्या, बोलायला सरळ, उभ्याउभ्या बोलणाऱ्या. "नाना, गेलं का वेळापत्रक?"

"जातंय, बाईसाहेब."

"हे तुम्ही मला या आठवड्यात रोज सांगताय." त्यांनी पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर वाळूचं घड्याळ उलटंपालटं होत होतं. "मुख्य कचेरीकडे तयार वेळापत्रक आहे. सगळ्या गावाला एकच वेळ. ते लावून टाकू आणि हा डबा भंगारात देऊ."

"एकच वेळ कशी चालेल? सगळ्या गावाला काही एकदम अंधार होत नाही. टेकडीआडच्या गल्लीत—"

"त्यांच्या तक्त्यात गल्ल्यांना जागाच नाही, नाना. मला ते पटतं असं नाही. पण दिवे वेळेवर लागले नाहीत म्हणून लोक पडायला लागले तर उत्तर मला द्यायचंय." त्या क्षणभर थांबल्या. "आज कचेरी सुटायच्या आत तुमचं पाठवून दाखवा. नाही गेलं तर उद्यापासून त्यांचं."

लोक पडायला लागले तर! पडलेल्या माणसाला पट्टी त्यांनी कालच बांधली होती, आणि उद्यापासून मुख्य कचेरीचा तक्ता लागला तर अक्काला रोज संध्याकाळी तेवढी वाट आंधळ्यासारखीच चालायची होती, या ऋतूत आणि पुढच्या सगळ्या ऋतूंत.

नानांनी बाह्या सरसावल्या. त्यांना येत होते तेवढे सगळे उपाय त्यांनी केले. आधी धूळ. बुटांचा ब्रश आणून अक्षरांच्या फटींतून फिरवला. त्यातून पेन्सिलीची टोकं निघाली, एक बटण निघालं, आणि कधीकाळच्या खाण्याचे असे कण निघाले की आवक-जावकबाई म्हणाल्या, "अहो, यावर तर एखादं कुटुंब जगेल." मग उंदीर बदलून पाहिला, म्हणजे ते हातात धरायचं यंत्र. शेजारच्या खोलीतून दुसरा उसना आणला. दुसराही तितक्याच संथपणे चालला, तेव्हा दोष उंदराचा नाही एवढं सिद्ध झालं. मग पडद्यामागे पंखा लावला. पंख्यानं आवक-जावकबाईंचे कागद खोलीभर उडाले, आणि आवक कुठली नि जावक कुठली हे काही काळ कुणालाच सांगता येईना. मग पडद्यावरचं नातवाचं छायाचित्र काढून टाकलं, कारण दुरुस्तीवाला मागे म्हणाला होता की चित्रांनी जड होतो. नातवाची मनातल्या मनात माफी मागितली. कॉम्प्युटर हलका झाला नाही. नानांचं काळीज तेवढं जड झालं.

शेवटी त्यांनी त्या दुरुस्तीवाल्यालाच फोन लावला.

"काका, एकदा पूर्ण बंद करून परत चालू केलात का?" दुरुस्तीवाल्यानं विचारलं.

"रोज करतो!" नानांनी छाती फुगवून सांगितलं. "आजवर एक दिवस चुकलो नाही. बंद केल्याशिवाय मी घरी जात नाही."

"मग गेलंच ते, काका. नवा घ्या."

फोन ठेवून नाना त्या पिवळ्या पडलेल्या यंत्राकडे बघत बसले. रागावून झालं होतं. मग त्यांनी लाडीगोडी केली. "अरे राजा," ते हळूच म्हणाले, "माझ्यासाठी नको करू. अक्कासाठी कर." वाळूचं घड्याळ उलटलं.

जेवणाच्या सुट्टीत दारात काठीचा आवाज आला. अक्का होती. एका हातात काठी, दुसऱ्या हातात नानांचा चष्मा.

"नान्या, माझ्या गुडघ्याला पट्टी बांधायला आलास आणि चष्मा औषधांच्या डब्यात ठेवून गेलास. मी मलम शोधतेय, तर हाताला काच."

"तरीच!" आवक-जावकबाई म्हणाल्या. "सकाळपासून शिव्या कॉम्प्युटरला देताहेत आणि बघताहेत कपाटाकडे."

"एवढ्या लांब लंगडत कशाला आलीस गं?" नानांनी खुर्ची पुढे केली. "बस. मीसुद्धा याला जरा विश्रांती देतो. दमलाय बिचारा." त्यांनी पडद्याचं बटण दाबलं. पडदा काळा झाला. नाना तिच्याकडे वळले.

अक्कानं मान तिरकी केली होती. डोळे कमी झाल्यापासून ती असं करायची, कानानं बघायची.

"हे गुणगुणतंय कोण?"

"कुठं?"

"इथं. टेबलाखाली."

"कोणी नाही. यंत्र होतं, ते मी बंद केलं."

"बंद काय बंद! कुणीतरी दात खाऊन जागं बसल्यासारखं वाटतंय." दुखरा गुडघा सांभाळत ती वाकली आणि टेबलाखालच्या पेटीवर तळवा ठेवला, लहानपणी नानांच्या कपाळावर ठेवायची तसा. "अगं बाई! हा तर तापानं फणफणलाय. नान्या, हा रात्री निजतो कधी?"

"रोज संध्याकाळी निजवतो की मी."

"कसा? करून दाखव."

नानांनी पडदा लावला. पान आलं, तेच, त्याच ओळीवर. पडदा मालवला. अंधार झाला. टेबलाखालचं गुणगुणणं मात्र तसंच चालू राहिलं, एका सुरात, न थांबता. नानांनी पुन्हा लावला, पुन्हा मालवला. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू मागे राहिलेल्या माणसासारखं एकटं उभं राहिलं, आणि मग तेही निघून गेलं.

आता नानांची चूक अशी. आयुष्यभर त्यांनी दिवे सांभाळले. दिव्याचं एकच शास्त्र असतं. उजेड आहे म्हणजे चालू, उजेड गेला म्हणजे बंद. खांबावर चढून विझलेल्या दिव्याला कुणी कान लावत नाही. या टेबलावर आल्यावर पहिल्याच संध्याकाळी त्यांना सांगितलं गेलं, "जाताना बंद करायचं." त्यांनी दिसेल ते बटण दाबलं, उजेड गेला, काम झालं. दिवाबत्ती खात्याची स्वतःची बॅटरी, इथली वीज कधी गेली नाही, म्हणून ते यंत्र चुकूनसुद्धा कधी डुलकी घेऊ शकलं नाही. सकाळी तेच पान समोर यायचं ते इमानामुळे नव्हे. ते रात्रभर तसंच डोळे उघडे ठेवून बसलेलं असायचं. आणि रोज सकाळी कोपऱ्यातून विचारायचं, पुन्हा सुरू करायचं का? म्हणजे, आतातरी घटकाभर पडू का? आणि नाना रोज म्हणायचे, नंतर.

"अक्का," नाना खुर्चीत बसत म्हणाले, "गावात सगळ्यांत मोठा गाढव कोण, हे आज नक्की झालं."

"आधीच झालं होतं," आवक-जावकबाई म्हणाल्या. "आज शिक्का बसला."

अक्का खुदकन हसली. लहानपणापासून तिला जागच्या जागी ओव्या जुळवायची खोड. काजं करतानाही दुकानात तिचं चालूच असायचं. तिनं टेबलावर बोटांनी ताल धरला:

"अंधार दिसला की, भाऊ म्हणे, निजलं गं,
जागून जागून बाई, यंत्र त्याचं शिजलं गं!"

"हस, हस," नाना म्हणाले. "पण याला आता निजवायचं कसं? इतकी वर्षं न निजलेला माणूस एकदा आडवा झाला तर उठेल का? आणि आतलं माझं वेळापत्रक? अर्धं लिहिलेलं आहे."

"आधी पसारा आवर," अक्का म्हणाली. "निजायच्या आधी पसारा आवरायचा असतो. आईनं तुला इतकंसुद्धा शिकवलं नाही का रे?"

नानांनी चष्मा घातला. पडद्याच्या तळाशी दाटीवाटीनं उभ्या असलेल्या पट्ट्यांची ती ओळ त्यांनी आज पहिल्यांदा नीट पाहिली. आजवर त्यांना ती नक्षी वाटत होती. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तीन खुणा असतात, रेघ, चौकोन आणि फुली. फुलीला नाना भीत. फुली म्हणजे चूक, हे शाळेपासून डोक्यात बसलेलं. म्हणून ते नेहमी रेघ दाबत. रेघ दाबली की पान दिसेनासं होई. दिसत नाही म्हणजे मिटलं.

मिटलं काहीच नव्हतं. एकेका पट्टीवर बोट ठेवावं तसं एकेक पान वर येऊ लागलं, उशिरा, डोळे चोळत. एक रजेचा अर्ज, तो ज्या लग्नासाठी होता त्या जोडप्याची मुलं आता शाळेत जात होती. माजी साहेबांच्या निरोपाचं भाषण, 'आदरणीय' या शब्दावर थांबलेलं. दिवे लागले की आपल्याला काय वाटतं त्यावर नानांनी कधीतरी लिहायला घेतलेल्या चार ओळी. त्या त्यांनी घाईनं मिटल्या, तरी आवक-जावकबाईंनी वाचल्याच. "वा! 'प्रकाशाच्या पाकळ्या'! नाना, हे कुणासाठी हो?" आणि मग वेळापत्रकं. एकच वेळापत्रक, पुन्हा पुन्हा उघडलेलं, मेळ्यात हरवलेल्या भावंडांसारखं. प्रत्येकाला फुली मारताना नाना दम धरत, यंत्र दम खात, आणि अक्का म्हणे, "हं, पुढचं."

"शाळेत इतक्या फुल्या खाल्ल्या," नाना पुटपुटले, "आज पहिल्यांदा मी मारतोय."

शेवटी खरं पान राहिलं. नव्या वेळापत्रकाचं. टेकडीआडच्या गल्लीची वेळ त्यांनी नीट लिहिली, एकेका आकड्याची वाट बघत. बदल जतन करायचे का? नानांनी 'हो' दाबलं आणि दोन्ही हात वर उचलून धरले, जणू आता चुकून श्वाससुद्धा कुठल्या बटणावर पडायला नको. वाळूचं घड्याळ फिरत राहिलं. सुट्टी संपली. बाहेर ऊन खिडकीवरून भिंतीवर सरकलं. मग घड्याळ गेलं.

"झालं?" अक्कानं विचारलं.

"झालं. आता..." त्यांनी ती चौकट शोधली, जिला रोज नाही म्हटलं होतं. तिच्यातच खाली लिहिलं होतं: पूर्ण बंद करा. नानांनी अंगठा बटणाजवळ नेला. "नाही उठला, तर अक्का, उद्यापासून तुझ्या गल्लीत—"

"माझ्या गल्लीचं मी बघेन," अक्का म्हणाली. "तू बटण दाब. बिचाऱ्याला किती ताटकळत ठेवशील?"

नानांनी दाबलं.

पडदा काळा झाला, तो नेहमीच होत असे. पण मग टेबलाखालचा आवाज जड झाला, खाली आला, आणि थांबला. खोलीत अशी शांतता पसरली की बाहेरच्या झाडावरचं पाखरू आत आल्यासारखं ऐकू यायला लागलं. आवक-जावकबाईंचा शिक्का हवेतच थांबला. त्या खोलीत बसणाऱ्या कुणीही ही शांतता कधी ऐकली नव्हती. तो आवाज म्हणजेच खोली, असं सगळ्यांना वाटत आलं होतं.

अक्कानं पेटीवरून हात काढला नाही. "थांब. गार होऊ दे." नाना थांबले. लहानपणी तापात ती उशाशी बसायची तेव्हाही अशीच म्हणायची, थांब, उतरू दे. "हं," ती शेवटी म्हणाली. "आता उठव."

टेबलाखालची पेटी नानांनी याआधी फक्त पायानं ओळखली होती. ते गुडघ्यांवर बसले, दोन्ही गुडघे मोठ्यानं बोलले, आणि त्यांनी तिच्या कपाळावरचं बटण दाबलं. एक क्षण काही नाही. आणखी एक क्षण. मग एक बारीकशी शीळ, पंख्याची फडफड, आणि टेबलावर उजेड.

नानांनी वर येऊन अक्षर दाबलं. अक्षर आलं. ते इतक्या पटकन आलं की नाना दचकून मागे सरले.

"अहो, चावलं का?" आवक-जावकबाई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज ओला होता.

वेळापत्रक उघडलं. 'पाठवा' दाबलं. एकेका पेटीनं पोचल्याची खूण धाडली. नदीकाठ, बाजार, शाळेचा रस्ता, आणि टेकडीआडची गल्ली. नानांनी ती खूण अक्काला वाचून दाखवली. मग उगाच पुन्हा एकदा वाचून दाखवली.

साहेबबाई आल्या तेव्हा कचेरी सुटायला अवकाश होता. "गेलं? काय बिघडलं होतं?"

भार, दाब, आतला दोष, असे बरेच भारदस्त शब्द नानांच्या ओठांशी येऊन गेले. "बाईसाहेब," ते म्हणाले, "बिघडलो मी होतो. मी रोज पडदा मालवत होतो. यंत्राला इतक्या वर्षांत एकदाही झोपू दिलं नाही."

साहेबबाईंनी चेहरा कडक ठेवायचा प्रयत्न केला. तो साधला नाही. "आणि ते रोज विचारायचं ना? पुन्हा सुरू करू का म्हणून?"

"मी म्हणायचो, सुरूच तर आहेस."

हसू ओसरल्यावर त्यांनी डोळे पुसले. "तुमचंच वेळापत्रक राहू दे. यंत्रही राहू दे. मुख्य कचेरीला मी 'किरकोळ अडचण होती' एवढंच कळवते." दाराशी त्या वळल्या. "किरकोळ अडचणीनं उद्यापासून नीट बंद करायला शिकावं."

संध्याकाळी नाना अक्काला पोचवायला गेले. सगळ्या गच्च्यांवर पिवळं ऊन होतं. टेकडीआडच्या गल्लीच्या तोंडाशी आले आणि ऊन मागे राहिलं, दारात चपला काढून ठेवाव्यात तसं. अक्काचा हात सवयीनं भिंतीकडे गेला. तेवढ्यात पहिल्या खांबावर दिवा थरथरला आणि लागला. मग दुसरा. मग गल्लीच्या टोकापर्यंत सगळे. पायऱ्यांच्या कडा उजळल्या.

अक्का थांबली. तिनं भिंतीवरचा हात काढून घेतला आणि पदराला पुसला. मग पायरी चढली, एक, आणि पुढची, काठी न टेकता.

"लागले," ती म्हणाली.

"दिसतात?"

"दिसतात रे." आणि मग तिची मान तिरकी झाली, तशीच, कानानं बघणारी. "नान्या. निघताना काय केलंस?"

"काय केलं म्हणजे? रोजच्यासारखी टोपी घातली आणि..." नानांचा हात डोक्याशी गेला. टोपी घातली आणि पडद्याचं बटण दाबलं. रोजच्यासारखं. टेबलाखाली त्या क्षणी काय गुणगुणत असेल ते त्यांना इथपर्यंत ऐकू आलं.

अक्का पायरीवर बसून हसत सुटली. हसता हसता तिला गुडघा दुखल्याचंही भान राहिलं नाही. "जा बाबा, जा! निजवून ये त्याला आधी."

नाना वळले आणि धावत सुटले, म्हणजे त्यांच्या गुडघ्यांनी धावू दिलं तेवढे. गल्ली सरली, शाळेचा रस्ता लागला, आणि तिथले दिवे त्यांच्या डोक्यावर एकेक करून उघडले. पुढे बाजार, त्यापुढे नदीकाठ. त्यांनीच लिहिलेल्या क्रमानं गाव त्यांच्यापुढे पावलापावलानं उजळत चाललं होतं, आणि त्या सगळ्या उजेडात एक म्हातारा टोपी धरून कचेरीकडे पळत होता, एका यंत्राला अंगाई गायला.